रजिस्टरात नसलेला रकाना

आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांचं रजिस्टर सेक्रेटरी म्हणून मी ठेवायचे. त्यात आठ रकाने होते: नाव, वय, फोटो, फोन, मूळ गाव, कामाचे फ्लॅट, येण्याजाण्याची वेळ आणि कागद. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या इतर सोसायट्यांचे सेक्रेटरी ते बघायला येत आणि नमुना म्हणून मोबाइलवर फोटो काढून नेत. मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्या अभिमानात आहे.

ती आमच्याकडे काम मागायला तीन वर्षांपूर्वी आली. मागच्या रिकाम्या प्लॉटवर निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या होत्या, तिथे राहायची. बंगालची, म्हणाली. नवरा केरळला कामाला गेला तो परतला नव्हता. आधार कार्ड झोपडीला आग लागली त्यात गेलं, असं तिने सांगितलं. खरं होतं की नाही, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. कागद म्हणून तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एकच गोष्ट काढली होती: तायी कार्ड. इथे गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून आई-बाळाचं जे कार्ड मिळतं ते. त्यावर तिचं नाव, बाळंतपणाची तारीख, मुलगी, वजन, लसींचे शिक्के. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. हे ओळखपत्र म्हणून चालत नाही, असं तिला समजावून सांगितलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "नाही".

तरी कामावर घेतलं. चार फ्लॅट मिळाले तिला, त्यांतला एक माझा. भांडी स्वच्छ, वेळ पक्की. मुलीला रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत सोडून बरोबर आठला गेटवर हजर. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची. अंगणवाडीत जाऊन जाऊन ती आईपेक्षा चांगलं कन्नड बोलायची.

मग पडताळणीचं पत्र आलं. पोलिसांनी भागातल्या सगळ्या सोसायट्यांकडे कामवाल्यांची यादी मागितली होती. मीटिंगमध्ये सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, परदेशातून चोरून आलेल्यांना शोधायलाच हवं, यादी देऊन टाका. दुसरा म्हणे, ते पोलिसांचं काम आहे, आपण आपल्या कामाच्या बायका त्यांच्या हातात का द्यायच्या? त्याच सुमारास दूरच्या कुठल्याशा देशात सीमेवर मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवतात, त्याचे व्हिडिओ ग्रुपवर फिरत होते. त्यावरून बोलणं इतकं तापलं की दोघांनी ग्रुप सोडला.

अध्यक्ष माझा मोठा भाऊ. अण्णा. आमचं घराणं चार पिढ्या बेंगळुरूत. अण्णाचं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप होतं, ते मुलाकडे सोपवून तो आमच्याच इमारतीत राहायला आलाय. अण्णाने मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं की त्याच्या लेथवर काम करणारी बेळगाव-विजापूरकडची मुलं कामावर लागताना कागद दाखवतात, भाडेकरार दाखवतात, कुणालाही त्यात अपमान वाटत नाही. मग इथेच का अडायचं? यादी द्यायची असं ठरलं.

मी कोणत्या तटात होते? खरं सांगायचं तर मी यादीच्या तटात होते. काम आलं की ते नीट करायचं, एवढंच डोक्यात. पोलिसांनी फक्त नावं आणि फोन मागितले होते. मी रजिस्टर टाइप करून घेतलं, मूळ गावाप्रमाणे लावलं, आणि ज्यांच्या शेवटच्या रकान्यात "नाही" होतं अशा चौघींचं वेगळं पान करून वर पिन केलं. तपासणाऱ्याला सोपं जावं म्हणून. हे कुणीही मागितलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठला पोलिसांनी तिला गेटवरून नेलं. वरच्या पानावरच्या चौघींपैकी दोघी त्या दिवशी आल्याच नाहीत, एकीजवळ गावच्या रेशनकार्डाची प्रत निघाली. राहिली ही. मी बाल्कनीतून पाहिलं. ती ओरडली वगैरे नाही. रस्त्यापलीकडे हात करून काहीतरी सांगत होती आणि महिला हवालदार मान हलवून तिला गाडीत बसायला सांगत होती. हात अंगणवाडीच्या दिशेने होता, हे मला दुपारी कळलं.

अंगणवाडीच्या बाईंनी मुलीला चारपर्यंत सांभाळलं, मग नियमाप्रमाणे बालकल्याण खात्याला कळवलं. मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बालगृहात नेलं. आईला बायकांच्या निवाऱ्यात ठेवलं होतं. दोघींच्या मध्ये पंचवीस किलोमीटर आणि दोन वेगवेगळी खाती.

बुधवारी त्याच हवालदार बाईंचा फोन आला. शुक्रवारी सकाळी एक गट सीमेकडे नेणार आहेत, त्यात ही आहे. ती सारखी मुलगी मुलगी करते आहे, पण फायलीत मुलगीच नाही. मी विचारलं, नाही म्हणजे? त्या म्हणाल्या, तुमच्या यादीवरून फॉर्म भरलाय, त्यात मुलांचा रकाना नाही, म्हणून "एकटी" असं लिहिलं गेलं. आता कुणी कागद आणून दिला नाही तर आई जाईल आणि मुलगी इथे राहील.

मी वही काढली आणि लिहिलं: तायी कार्ड, अंगणवाडीचा हजेरीपट, अधिकाऱ्यांची वेळ. क्रमांकही घातले. सवय.

झोपड्या जागामालकाने मंगळवारीच काढून टाकल्या होत्या. ताडपत्री, पातेली, चपला यांचा एक ढीग होता. त्यात तासभर हुडकूनही प्लास्टिकची पिशवी मिळाली नाही. मग दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सने जुनी वही उघडली, नोंद सापडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्का मारून नक्कल दिली. अंगणवाडीच्या बाईंनी हजेरीपटाची प्रत दिली. दोन्ही घेऊन मी तो गट पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. कागद पाहून म्हणाला की हे ठीक आहे, पण फॉर्म सोसायटीच्या यादीवरून भरला होता, तेव्हा दुरुस्तीचं पत्रही सोसायटीनेच द्यायला हवं. अध्यक्षांच्या सहीशिक्क्यासह. आज पाचच्या आत.

तेव्हा पावणेतीन झाले होते. शिक्का अण्णाच्या कपाटात असतो.

अण्णा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसला होता. मी पत्र रिक्षातच लिहिलं होतं. त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि बाजूला सरकवलं.

"सेक्रेटरीबाई, आता तुम्ही सरकारलाही दुरुस्त करायला निघालात?"

मी सगळं सांगितलं. त्याने मध्येच अडवलं नाही, ते त्याचं वैशिष्ट्य. ऐकून झाल्यावर म्हणाला की आज ही मुलगी पुढे केली, उद्या प्रत्येक जण मूल पुढे करेल, मग कायदा फक्त बिनलेकुरवाळ्यांसाठी उरेल. मी म्हणाले, आपले पणजोबाही कुठूनतरी आलेच होते इकडे. त्यावर तो हसला. ते आले तेव्हा वाटेत देशाची सीमा नव्हती, म्हणाला. ते खरंच होतं.

मग त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आणि एक सांग. ती पोर इथे जन्मली. इथे राहिली तर बालगृहात जेवण आहे, शाळा आहे. आईबरोबर गेली तर सीमेपलीकडे काय आहे तिला? भाषा तरी येते का? तू तिला वाचवतेयस की ढकलतेयस?"

मी उभी होते ती खुर्चीवर बसले. दोन दिवस मी कागद गोळा करत धावले होते आणि हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. घड्याळात तीन वीस.

"ते मी ठरवायचं नाही," मी म्हणाले. "तूही नाही. तिच्या आईने ठरवायचं."

"आई काय म्हणाली?"

मी तिला विचारलंच नव्हतं. तीन वर्षांत तिला मी जे काही विचारलं, ते रकाने भरण्यासाठी. अण्णाला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. त्याने टेबलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

हवालदार बाईंनी तिला बोलावून आणलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या मोडक्या हिंदीत दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या: मुलगी इथे राहू शकते, तिची सोय होईल, किंवा पत्र दिलं तर तुझ्याबरोबर येईल, पण मग तीही जाईल.

"दीदी, बच्ची मेरी है," ती म्हणाली. "बस इतना लिख दो."

अण्णाने पत्र पुन्हा ओढून घेतलं. लाल पेन काढलं. वर्कशॉपच्या ड्रॉइंगवर चुका काढायचा तसा तो एकेक ओळीवरून गेला. "अत्यंत प्रामाणिक" खोडलं. "सहानुभूतीने विचार करून सुटका करावी" ही अख्खी ओळ खोडली.

"हे मत आहे तुझं. माझं नाही. ती भारतीय आहे यावर मी सही करणार नाही, तिला सोडा यावरही नाही. मुलगी तिची आहे, एवढं दिसतंय मला कागदावरून. तेवढंच लिही."

मी लिहायला बसले. तो मागे उभा राहिला.

"आणि यादी कुणी केली, तेही घाल."

मी वर पाहिलं.

"त्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं. आधीच्या यादीत मुलांचा रकाना नव्हता, ही सोसायटीची चूक. आणि वरचं वेगळं पान सेक्रेटरीने स्वतःहून केलं होतं. मला न दाखवता."

ते त्याला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी तेही लिहिलं. चार ओळींचं पत्र झालं. माझ्या आयुष्यात मी इतकं छोटं आणि इतकं अवघड पत्र लिहिलेलं नाही. त्याने सही केली, शिक्क्यावर फुंकर घालून तो मारला, आणि रेग्युलेटरकडे वळला. मी दारात पोचले तेव्हा म्हणाला, रिंगरोडने जाऊ नको, आत्ता जाम असेल.

पाचला बारा मिनिटं असताना पत्र जमा झालं.

शुक्रवारी सकाळी निवाऱ्याच्या आवारात मला थांबू दिलं. बालगृहाची गाडी आली. मुलीचे केस कापले होते, उवांमुळे असेल, त्यामुळे मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. आईने ओळखलं. ती धावली नाही. जागेवर खाली बसली आणि मुलगी चालत तिच्यापर्यंत गेली. मग आईने तिचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, मान, कान, पाठ. सगळं आहे ना ते बघितल्यासारखं. माझ्याकडे तिने पाहिलं ते नंतर, आणि त्या पाहण्यात आभार नव्हते. वरच्या पानाबद्दल तिला कुणी सांगितलं होतं का, मला कळलं नाही. मी सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलं नाही.

तायी कार्डाची नक्कल हवालदार बाईंनी तिला ठेवू दिली. तिने तिची बारीक घडी केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "चालत नाही" म्हणून मी परत केलेल्या कार्डाचीच ती नक्कल.

बसमध्ये बसताना मुलगी माझ्याकडे वळली. आई सोडली तर तिच्या ओळखीची मी एकटीच होते तिथे, आणि तिच्याशी कन्नडमध्ये बोलणारी.

"अक्का, बस एल्लिगे होगुत्ते?"

बस कुठे जाते. मी म्हणाले, दूर. परत कधी येते, हेही तिने विचारलं. तोवर दार लागलं होतं, आणि मी उत्तर द्यायला नको म्हणून बरं वाटलं. ते बरं वाटणं मी विसरलेले नाही.

घरी येताना अण्णाचा फोन आला. "मिळाली का तिला?" मी म्हणाले, मिळाली. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि ठेवला.

रविवारी त्याने ग्रुपवर नेहमीसारखा सीमा बंद करण्याच्या बाजूने लांबलचक मजकूर टाकला. मी त्याखाली लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि संध्याकाळी वर जाऊन तोंडावर सांगितलं की मला हे पटत नाही. त्याने कॉफी केली. आम्ही दीड तास भांडलो. पुढच्या रविवारीही.

सहा महिन्यांनी पोलिसांकडून नव्या यादीचं पत्र आलं. मी नावं आणि फोन लिहिले, जेवढं मागितलं होतं तेवढंच, कुठल्याही क्रमाने न लावता. अण्णाकडे सहीला नेलं. त्याने ती वाचली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, पिन आहे का ते वरच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं, आणि सही केली.