बाक आमचा, मैदान तुमचं

"ह्यांना काय होतंय, मास्तर? ह्या दमणाऱ्या पोरी न्हाईत. हाडाच्या हायत."

संस्थेचे अध्यक्ष हे बोलले तेव्हा सुवर्णा त्यांच्या पायाशी सिमेंटवर बसली होती. पोटरीत गोळा आला होता. दोघीजणी तिचा पाय ताणून धरत होत्या. लातूरच्या मैदानावर विभागीय बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना नुकताच संपला होता. आम्ही जिंकलो होतो. एका बास्केटने. आमच्या पाच मुली पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत धावल्या होत्या. एकीलाही क्षणभर बाहेर बसता आलं नव्हतं.

बाकावर सात मुली होत्या. त्यांच्या गणवेशाची घडीही मोडलेली नव्हती.

मी अध्यक्षांना एवढंच म्हणालो होतो, "उद्या अंतिम सामना आहे. पाचजणींना आळीपाळीने विश्रांती द्यावी लागेल. नाहीतर शेवटी पाय चालणार नाहीत. बाकावरच्या मुलींना मी उतरवणार."

त्यावरचं हे उत्तर. बाकावरच्या मुलींचे पालक जवळच उभे होते. आपापल्या मुलींना फळांचा रस देत होते. ते हसले. अध्यक्षांना त्या हसण्याने जोर चढला.

"बाक आमचा, मैदान तुमचं. वाटणी झालेली हाय. तुमी कशाला डोकं लावून राहिलात?"

माझं वय सत्तरीला टेकलं आहे. उभी हयात मैदानावर खेळ शिकवण्यात गेली. माझ्याच मुलींसमोर मला हे ऐकवलं गेलं.  मी खाली बसून सुवर्णाचा पाय ताणायला हात लावला.

ही वाटणी कशी झाली, ते सांगितलं पाहिजे.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय कंधार तालुक्यात आहे. मुलींचा संघ नांदेड जिल्ह्यात पहिला आला, तेव्हा बाकावर दुसऱ्या सात मुली होत्या. रोज सकाळी सरावाला येणाऱ्या. हाक मारताच उठून मैदानात जाणाऱ्या. बास्केटबॉलमध्ये संघ बाराजणींचा असतो. पाच खेळतात, सात बसतात. पण बसणं म्हणजे वाट पाहणं. एक दमली की दुसरी उठते. बाद फेरीत तर बाकच सामना तारतो. पहिल्या पाचजणी किती वेळ धावतात यापेक्षा त्यांना कधी बसवलं, यावर निकाल ठरतो. आम्ही जिल्हा जिंकलो तो बाराजणींनी.

जिल्हा जिंकलो आणि विभागासाठी संघाची नावं संस्थेच्या कार्यालयातून आली. पाच नावं तीच. सात नवी. डॉक्टरांची मुलगी, कंत्राटदाराची मुलगी, अध्यक्षांची पुतणी, अशी. त्यांचं नाव आमच्या हजेरीत. राहणं लातूरला, डॉक्टर होण्याच्या शिकवण्यांसाठी. संघ राज्य पातळीवर गेला की बारावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. धावणाऱ्याला मिळतात, तसे बसणाऱ्यालाही मिळतात. म्हणून बाकाला किंमत आली.

जुन्या सातजणींचं काय, असं मी विचारलं. "पुढच्या वर्षी बघू," असं उत्तर मिळालं. मी निवृत्त माणूस. अध्यक्षांच्या शब्दावर पुन्हा बोलावलेला. काढून टाकलेल्या सातजणी रडल्या नाहीत. सरावाचे चेंडू कार्यालयात आणून ठेवले आणि निघून गेल्या.

राहिलेल्या पाचजणींत तिघींची घरं ऊसतोडीला जातात. एकीचा बाप वीटभट्टीवर, एकीचा दुसऱ्याच्या शेतावर. त्यांना दुखलं तर कुणाला सांगायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून त्या सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी आम्हाला उतरायला दिलेल्या शाळेच्या खोलीत मी सुवर्णाजवळ गेलो. ती संघाची कर्णधार. पोटरीला तेल चोळणं चालू होतं.

"दुखतंय का?"

"न्हाई सर."

"खरं सांग."

"आपल्याला काय होतंय सर? आपण दमत न्हाई."

हे तिने अभिमानाने सांगितलं. शेजारची मीना म्हणाली, "सर, ही कारखान्यावरच जल्मली. हिला दुपट्यात न्हाई, उसाच्या पाचटात गुंडाळलं व्हतं."

"अन् तुला भट्टीत भाजून काढली व्हती," सुवर्णा म्हणाली. साऱ्या खिदळल्या.

मी हसलो नाही. तिच्या वयाचा असताना मी शाळेच्या संघात होतो. माझे वडील सालगडी. ज्यांच्या शेतावर ते होते त्यांचा मुलगाही त्याच संघात; तो बाकावर बसे. एका सामन्यात माझा घोटा सुजला. मला कुणी बाहेर घेतलं नाही. मी शेवटपर्यंत खेळलो. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वडिलांना म्हणाले, "बैल हाय बैल, तुझं पोरगं. दमतच न्हाई." वडील हात जोडून हसले. मीही हसलो. ती थाप मी बक्षिसासारखी जपली. अनेकांना अभिमानाने सांगितली.

सुवर्णाच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं आणि त्याचा अर्थ माझ्यापुढे उघडा पडला. औत सोडायचं नसतं तेव्हाच बैलाची स्तुती होते. आम्ही दमत नाही, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. ज्यांना आम्हाला बसू द्यायचं नव्हतं, त्यांनी ते ठरवलं होतं. आम्ही फक्त ते पाठ केलं.

बाकावरच्या सातही मुलींना मी निरोप पाठवला. सकाळी सरावाला या. उद्या तुम्ही खेळणार आहात.

एकच आली. डॉक्टरांची श्रावणी. जाड चष्मा, नवे बूट.

"पप्पा नको म्हणाले होते," ती म्हणाली. "सर, काल मला तिथं बसून लाज वाटली. पण मला काहीच येत नाही."

"दोन गोष्टी कर. समोरच्या मुलीपुढे हात वर करून उभी राहा. चेंडू हाती आला तर जवळच्या आपल्या मुलीला दे. तिसरी गोष्ट करू नकोस."

तिने पहिला चेंडू सोडला. दुसराही सोडला. सुवर्णा म्हणाली, "डॉक्टरीणबाई, चेंडू चावत न्हाई. धरा की." श्रावणीने तिसरा धरला.

अंतिम सामना सुरू झाला. पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात सुवर्णा पाय ओढू लागली. मी टेबलापाशी जाऊन बदली मागितली. श्रावणी आत. सुवर्णा बाहेर.

ती बाकापाशी आली आणि उभीच राहिली.

"सर, मी दमले न्हाई."

"दमली आहेस. बस."

"लोक काय म्हणतील?"

"दमण्याचा तुलाही हक्क आहे. बस."

ती टोकाला बसली. मग सरकली. मग पाठ टेकली. पाणी प्यायली.

मैदानात श्रावणी हात वर करून उभी होती. समोरची मुलगी तिच्या बगलेखालून दोनदा निघून गेली. तिसऱ्यांदा तिला जाता आलं नाही.

अध्यक्ष मंडपातल्या सोफ्यावरून उठून थेट आमच्या बाकापाशी आले.

"मास्तर, काय करून राहिलात?"

"खेळाडू बदलतो आहे."

"सुवर्णीला घाला आत."

"तिची वेळ झाली की जाईल."

"मॅच गेली तर?"

"जाईल."

"उद्यापासून कॉलेजची पायरी चढू नका."

काल ऐकून घेतलं होतं; आज सरळ बोललो. "सामना चालू असताना संघाच्या बाकापाशी बाहेरच्या माणसाने यायचं नसतं. मागे जा."

"बाहेरचा? मी? संस्था माझी हाय!"

"संस्था तुमची असेल. हा बाक संघाचा आहे."

पंचांनी शिट्टी वाजवून त्यांना मागे जायला सांगितलं. लातूरच्या भर मैदानावर. ते गेले.

मी दुसरी बदली सांगितली. मीना बाहेर, कंत्राटदाराची मुलगी आत. ती उठेना.

"सर, मी नाही. मला फक्त बसायचं सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

"मम्मीनं."

"मग मम्मीजवळ जाऊन बस. इथे खेळणारे बसतात."

ती गेली. तिच्यामागून आणखी चौघी उठल्या. अध्यक्षांची पुतणी मात्र राहिली. ती कशासाठी राहिली, मी विचारलं नाही. पुढच्या बदलीला तिला आत घातलं. धावता धावता पडली, गुडघा फुटला, उठली आणि पुन्हा धावली. तिच्या काकांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

सातजणींचं काम त्या दिवशी दोघींनी भागवलं. पाचहीजणी आळीपाळीने बसल्या. शेवटच्या डावात सुवर्णा अशी धावली की प्रतिपक्षाचे लोकही उभे राहिले. पण मधल्या वेळात गेलेले गुण भरून आले नाहीत. आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. राज्याची वाट बंद झाली.

परतीची गाडी अहमदपूरला आली. तेव्हा सुवर्णा बोलली. माझ्याकडे न बघता.

"सर, तुमी हरवलं आमाला."

"हो."

"राज्याला गेलो असतो. मला खेळाच्या हॉस्टेलवाल्यांनी बघितलं असतं. त्या बाकावरच्या पोरींला गुण न्हाई मिळाले तर काय बिघडतंय? त्यांचे बाप हायत. आमचं काय?"

तिचं म्हणणं खरं होतं. मी ते खोडलं नाही. एवढंच म्हणालो, "तिथेही तुम्ही पाचच धावल्या असतात. आणि तुझी पोटरी तिथे फाटली असती तर याच लोकांनी पुढच्या वर्षी तुझ्या जागी सहावी शोधून आणली असती."

ती खिडकीकडे वळली. मग मीनाला म्हणाली, "आपल्या सातजणी असत्या तर जिंकलो असतो."

"हाव," मीना म्हणाली. "सहज."

चार दिवसांनी संस्थेचा शिपाई घरी आला. जुना ओळखीचा माणूस. पालकांचा अपमान केला म्हणून मी लेखी माफी मागावी, असा निरोप होता. लिहून दिली तर अध्यक्ष मला ठेवून घेणार होते.

"सर, दोन ओळी खरडा," तो म्हणाला. "मिटतंय समदं. मोठ्या माणसाशी कशाला वैर?"

"काय लिहू?"

"चुकलं म्हणून लिहा."

"कुणाचं?"

 तो चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेला.

माफी मी लिहिणार नाही. काढून टाकलेल्या सातही मुलींच्या घरी मी जाऊन आलो आहे. गावाबाहेर बाजाराची जागा आठवड्यातले सहा दिवस मोकळी असते. तिथे बास्केटचे दोन खांब उभे करतो आहे. संस्थेचं नाव न लावता खुल्या स्पर्धांत उतरू. श्रावणीने येऊ का म्हणून विचारलं. तिला सांगितलं, ये, पण या सातजणींनंतर तुझा नंबर आठवा. सुवर्णा येईल की नाही, मला ठाऊक नाही. तिने रागावण्यात काही गैर नाही.

पण एक ठरलं आहे. ज्या संघात माझ्या मुलींना बसायला जागा नाही, त्या संघासाठी माझी एकही मुलगी यापुढे धावणार नाही.