बॉनेटच्या आतली ओळ

किसनभाऊ वायर जोडायला विसरले, असं मी चार माणसांत सांगितलं. ते खोटं होतं. वायर मी काढली होती. त्या एका वाक्याने एका माणसाचं काय होत गेलं, हे मी दोन वर्षं जाता-येता पाहिलं आणि रोज गाडी तशीच पुढे काढली. किसनभाऊंविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. हे न सांगता त्यांचं कौतुक करायचा मला अधिकार नाही.

मी भोरला राहतो आणि वेल्ह्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वडिलांच्या मागे राहिलेली जुनी डिझेल जीप घेऊन रोज ये-जा करतो. वेल्ह्याच्या बाजाराच्या टोकाला किसनभाऊंची पत्र्याची शेड होती. उमेदीच्या काळात ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, निवृत्तीनंतर गावी येऊन त्यांनी हे सुरू केलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात बॉनेटवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कवापास्नं?" मी काय काय बदलावं लागेल याची यादी सांगायला लागलो. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी फकस्त काय हुतंय तेवढं सांगा. का हुतंय ते मी गाडीलाच इच्यारतो."

झालं होतं असं, की रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी सकाळी चावी फिरवताच पाणी तापल्याचा लाल दिवा दाखवत होती. भोरमध्ये एकाने सेन्सर बदलायला सांगितलं होतं, दुसऱ्याने रेडिएटर. भाऊंनी आधी गाडी पूर्ण निवू दिली. मग झाकणावर फडकं टाकून, हळूहळू फिरवून पाण्याची पातळी बघितली. पाणी काठोकाठ होतं. मग सेन्सरवरची एकुलती एक वायर ओढून काढली, बाजूच्या पाइपाखाली खोचली आणि मला दिव्याकडे बघायला लावलं. दिवा तसाच होता.

"मग सेन्सरची काय चूक न्हाई," ते म्हणाले. "वायर मधीच कुठंतरी बॉडीला टेकतीया, म्हनून दिवा पेटतोय."

ती जागा शोधायला त्यांना दोन दुपारी लागल्या. डॅशबोर्डखाली उताणे पडून, डोळे मिटून ते बोटांनी वायर चाचपत पुढे सरकत. मी कंटाळून नवीन वायर टाका म्हणालो, तर म्हणाले, नवीन टाकली तरी घासणारा पत्रा तिथंच राहणार. शेवटी सापडलं. वायर जिथून पत्र्यातून आत येत होती, तिथलं रबर झडून गेलं होतं आणि पत्र्याच्या कडेने वायरीचं आवरण सोललं होतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी ती जागा बांधून काढली. हात पुसत म्हणाले, "दिवा खोटं बोलत न्हाई, गुरुजी. दिव्याला कुणीतरी खोटं सांगतं. ते हुडकायचं."

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते मी दुसऱ्या कुठल्या मेकॅनिककडे पाहिलेलं नाही. खडू घेऊन बॉनेटच्या आतल्या बाजूला, आदल्या दुपारी तेल बदलल्यावर लिहिलेल्या ओळीखाली, तारीख टाकली आणि लिहिलं: 'पाणी बघितलं. वायर जोडली.' प्रत्येक गाडीच्या पोटात त्यांचं असं अक्षर असे. आधी हात, मग खडू, हा क्रम कधी चुकला नाही. काम राहिलं असेल तर तेवढी ओळ नसायची. "लिवलं म्हंजे झालं. न्हाई लिवलं म्हंजे न्हाई झालं. डोस्क्यावर इसवास ठिवायचा न्हाई," असं ते म्हणत. पुढे त्यांना शाळेतले उरलेले खडूचे तुकडे मीच नेऊन देऊ लागलो. घेताना ते दोन्ही हातांनी घेत.

निघताना मला बजावलं होतं, "परत लागला तर गाडी हुबी करायची. खोटा वाटला तरी हुबी करायची. अन् हितं यायचं."

दीड-दोन महिन्यांनी दिवा परत लागला. सहामाही परीक्षेचा दिवस होता, पहिला पेपर माझा होता. मी गाडी उभी केली, बॉनेट उघडलं. इंजीन नुकतंच सुरू केलेलं, पाणी भरलेलं. भाऊंनी केलं तसंच मी सेन्सरवरची वायर ओढली. या वेळी दिवा विझला. सेन्सर बिघडला आहे, एवढं मला कळलं. येताना दाखवू म्हणून वायर पाइपाखाली खोचली आणि निघालो. संध्याकाळी शेड बंद होती. पौर्णिमा होती, भाऊ विहारात वंदनेला गेले होते. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायला बसलो आणि मग विसरलो. खरं सांगायचं तर, तो दिवा डोळ्यांसमोर नाही याचं मला बरंच वाटत होतं.

तीन आठवड्यांनी शाळेच्या कामासाठी आम्ही पाबे घाटातून पुण्याला निघालो. बरोबर शिंदेबाई होत्या, आणखी दोन शिक्षक होते. घाटात रेडिएटरचा खालचा पाइप फाटला, पाणी गेलं आणि दिवा लागलाच नाही. इंजीन धापा टाकत बंद पडलं तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. मी घाईने उतरलो आणि फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. शिंदेबाई पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभ्या होत्या. उरलेलं उकळतं पाणी उसळून त्यांच्या हातावर आलं, कोपरापासून मनगटापर्यंत.

इतर दोघे त्यांच्या हातावर पाणी ओतत होते. त्यातल्या एकाने मान वर करून विचारलं, "सर, दिवा लागला नाही का हो?" मी बॉनेटच्या आड उभा होतो. समोर ती ओळ होती: 'पाणी बघितलं. वायर जोडली.' तिच्या वर तेल बदलल्याची ओळ. माझ्या हातात ओलं फडकं होतं. वीस वर्षं फळा पुसणारा माझा हात. मी फक्त खालची ओळ आणि तिची तारीख पुसली आणि म्हणालो, "भाऊ वायर जोडायला विसरलेत."

टेम्पोला बांधून जीप शेडवर आणली. शिंदेबाईंचे यजमान वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन प्रवासी नेणारी, जीप चालवत. वेल्ह्याच्या स्टँडवरच्या सगळ्या वडापवाल्यांत त्यांचा शब्द चाले. घाटातून फोनवर सगळं कळल्यामुळे ते आमच्या आधीच शेडवर पोचले होते. बायकोच्या हाताला बांधलेलं फडकं त्यांनी भाऊंना दाखवलं. म्हणाले, "काय किसनभाऊ, वय झालं म्हनून सांगायचं व्हतं की. आमी दुसरीकडं गेलो असतो."

भाऊंनी बॉनेट उचलून आधी लोंबणारी वायर बघितली. मग मान वर करून आतली बाजू बघितली. तेलाची ओळ होती. वायरीची नव्हती. मला वाटलं, आता हे वळून माझ्याकडे बघतील. ते वळले, पण शिंदेबाईंकडे. "बाई, माझ्याकडनं राहिलं," ते म्हणाले. "लिवलेलं न्हाई. म्हंजे राहिलंच."

त्यांच्या स्वतःच्याच रीतीने त्यांना दोषी ठरवलं होतं. ती रीत कुणी मोडली, हे तिथे एकट्या मला माहीत होतं.

त्यांनी इंजीनचं हेड उतरवून सगळं नीट केलं, सेन्सरही बदलला. गाडी परत देताना मला म्हणाले, "गुरुजी, दुसऱ्या कुनाकडनं एकदा बघून घ्या." हळूहळू वडापच्या गाड्या येईनाशा झाल्या. त्याचं त्यांना तेवढं वाटलं नसावं. पण त्यांनी आधी ब्रेकची कामं बंद केली. मग एक नट आवळून झाल्यावर तोच पुन्हा पुन्हा आवळताना मी त्यांना पाहिलं. त्यांच्या पत्नीने एकदा मला सांगितलं, की घराचं कुलूप हे तीन तीनदा ओढून बघतात, अर्ध्या वाटेवरून माघारी येतात. पुढल्या वर्षी शेड बंद झाली. मी रोज त्या बंद शेडवरून जात होतो. शिंदेबाईंच्या हातावरचा डाग स्टाफरूममध्ये समोर असे. सांगायचं रोज ठरवायचो आणि संध्याकाळपर्यंत थकून जायचो. खोटं सांभाळायला फार कष्ट पडतात, हे मला तेव्हा कळलं. चाळिशी उलटल्यावर कळलं, हेही कबूल करतो.

गेल्या हिवाळ्यात भोरच्या स्टँडवर भाऊ दिसले. हातात कापडी पिशवी, अंगाने निम्मे झालेले. मला बघून बरं वाटल्यासारखे पुढे आले आणि विचारलं, "गुरुजी, डोस्क्याचा डाक्टर कुठं बसतो हितं?"

मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. भाऊंनी माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा लवकर केले. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे, काळजी करू नका. बाहेर आल्यावर भाऊ पायरीवर बसले. म्हणाले, "डाक्टरला काय ठावं? वायर राहिली व्हती न्हवं."

त्यांना सोडायला मी वेल्ह्याकडे निघालो. नसरापूर मागे पडलं. मार्गासनीला, सांगून टाकावं म्हणून, दोनदा गाडी हळू केली आणि परत वेग घेतला. भाऊ डॅशबोर्डकडे बघत होते. म्हणाले, "दिवा बरा हाय का आता?"

मी हो म्हणालो. त्यांच्या घराकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ स्टँडवर नेली. खोटं तिथल्या माणसांत पसरलं होतं. चहाच्या टपरीपाशी शिंदेबाईंचे यजमान आणि तीन-चार वडापवाले उभे होते. मी गाडी थांबवली, बॉनेट उघडून टेकू लावला आणि भाऊंना हाताला धरून पुढे आणलं. टपरीवरची पोरं हसली, एकजण म्हणाला, काय सर, पुन्हा तापली काय म्हातारी. मी तेलाच्या ओळीखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"भाऊ, इथे तुमची ओळ होती. वायर तुम्ही जोडली होती. नंतर मी काढली, आणि घाटात ही ओळही मीच पुसली."

शिंदेबाईंच्या यजमानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला, वायर चाचपावी तसा.

"पानी बघितलं, ते बी लिवलं व्हतं?"

"होय भाऊ. दोन्ही लिहिलं होतं. तारखेसकट."

"म्हंजे मी इसरलो न्हवतो."

"नाही भाऊ. तुम्ही काहीच विसरला नव्हता. मी खोटं बोललो. मला माफ करा."