न पाहिलेल्यावरची सही

गणपततात्यांनी न पाहिलेल्या गोष्टींवर जेवढ्या सह्या केल्या, तेवढ्या पाहिलेल्या गोष्टींवर आमच्या तालुक्यात कुणीच केल्या नसतील. ते पोलिसांचे हक्काचे पंच होते. चोरीचा माल सापडला की दोन तिऱ्हाईत माणसांसमोर पंचनामा करावा, असा कायदा आहे. पण एकदा सही केली की तारखांना कोर्टात खेटे घालावे लागतात, म्हणून गावात कुणी तयार होत नसे. तात्यांना खेट्यांची हौस होती. धुतलेलं धोतर नेसून ते ठाण्यासमोरच्या हाटेलात ठरलेल्या बाकड्यावर बसत. हाक आली की सही.

मी कोर्टात कारकून होतो. न बघता सही कशी करता, असं एकदा विचारलं, तर माझी कीव करत म्हणाले, "बघायचं काम पोलिसाचं. ते बी पंचानंच केलं, तर पोलिसानं काय करायचं?"

साक्ष मात्र देखणी देत. सरतपासात सरकारी वकिलांनी विचारावं आणि तात्यांनी पंचनामा पाठ म्हणावा. घर कुणाचंही असो, दार पूर्वेलाच. तालुक्यातले सगळे चोर पूर्वाभिमुख घरात राहतात, हे मला कोर्टातच कळलं.

दुष्काळाच्या वर्षी केराबाई आरोपीच्या पिंजऱ्यात आली. पाझर तलावाच्या कामावर माती वाहणारी बाई. मजुरांना खायला वाटायच्या सुकडीच्या पिठाचं पोतं तिच्या घरात सापडलं, असा पंचनामा होता. पोतं कुणी नेलं हे सगळ्या मजुरांना ठाऊक होतं. पण मुकादमाच्या घरी जायला पोलिसांना सवड मिळाली नसावी. शिक्षा झाली तर तिचं नाव हजेरीपटावरून जाणार होतं, आणि त्या वर्षी कामावर नसलेल्याच्या घरी चूल पेटत नव्हती. तिला दोन लेकरं होती.

उलटतपासात तिच्या वकिलांनी घराच्या दाराची दिशा विचारली. तात्या म्हणाले, पूर्व. तेवढ्यात केराबाई पिंजऱ्यातून हळूच म्हणाली, "तात्या, माज्या घराला दारच न्हाय वो. गोणपाट लावलंय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला गप्प बसवलं. तात्या तिच्याकडं बघत राहिले. त्यांना आरोपीकडं नीट बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ते म्हणाले, "खरं हाय तिचं. म्या तिचं घर बघितलंच न्हाय. सही हाटेलात केली."

सरकारी वकील ताडकन उठले. साक्षीदार उलटला, त्याला फितूर ठरवून आम्हालाच उलटतपास घेऊ द्या, अशी परवानगी त्यांनी मागितली आणि साहेबांनी ती दिली. इतकी वर्षं खोटं बोलणारा माणूस भरवशाचा साक्षीदार होता. खरं बोलल्याबरोबर फितूर झाला. मीच ते वळणदार अक्षरात लिहून घेतलं. वकिलांनी खोट्या साक्षीबद्दल खटला भरायचा दम दिला, तेव्हा तात्या मान खाली घालून म्हणाले, "भरा साहेब. पर मागच्या समद्या सह्यांचा भरा. हीच एक साक्ष खरी हाय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला सांगितलं, हे वाक्य लिहून घेऊ नका.

केराबाई निर्दोष सुटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीवर गेली. पोलिसांना नवा पंच मिळाला. तात्यांना नंतर कुणी हाक मारली नाही; दोन-तीन वर्षांत ते वारले. मला त्यांचा रागही होता आणि ते गेल्यावर रडूही आलं. त्या मागच्या सह्यांवर कोणकोण आत गेलं, हे विचारायला ते एक वाक्य कागदावर असतं तरी पुरलं असतं. लिहिणारा मीच होतो. मी साहेबांचं ऐकलं, आणि पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली.