घोड्याचा वखत

औरंगाबादेत माझा दवाखाना होता तेव्हा दुपारी मी उजव्या हातानं जेवायचो आणि डाव्या हातानं कुणाची तरी नाडी बघायचो. स्वतःचा असा वेळ म्हणून नाहीच.

एकदा निजामाच्या एका तालुकदाराकडून तातडीचं बोलावणं आलं. जेवण टाकून मी टांगा केला. पाणचक्कीपाशी टांगेवाल्यानं, मला एका शब्दानं न विचारता, घोडा सोडला, त्याच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधला आणि स्वतः लिंबाखाली विडी पेटवली.

मी भडकलो. "अरे, तालुकदारसाहेब तापानं फणफणलेत!"

घोड्याची मान खाजवत तो म्हणाला, "ह्यो घोड्याचा वखत हाय, साहेब. खुद्द तालुकदार टांग्यात बसला तरी हलायचा नाय. तुम्हाला कुणी जेवू देत नसंल, तर त्यात माझ्या घोड्याचा काय कसूर?"

अंगाचा तिळपापड झाला, पण तोबरा रिकामा होईपर्यंत मी टांग्यातच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिय्या करून दवाखान्याच्या दाराला आतून कडी घातली. पहिला घास उचलला तोच दार धडाधडा वाजलं. उघडलं, तर तोच टांगेवाला.

"घोडं जेवतंय, साहेब. तवर म्हटलं, आपली तब्येत दाखवून घ्यावी."

आणि त्यानं माझ्यासमोर जीभ बाहेर काढली.