नव्या वॉर्डाचा आहेर

लोणावळा आणि मावळच्या तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या दवाखान्याच्या नूतनीकरणात पुरुषांच्या वॉर्डाच्या सिस्टरला आवाज न करता चालणारी ट्रॉली मिळाली आणि मला मिळाली नाही. जनतेने शांतता राखावी. मला ती राखता आली नव्हती.

मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज, ती पुरुषांच्या. नर्सिंगला आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे तिचे दोष मला तोंडपाठ असायला हवेत. पण तिचा मुख्य दोष हाच की तिच्यात दोष सापडत नाही. आवाज कधी चढत नाही, ड्यूटी संपताना कपड्यांची इस्त्री मोडलेली नसते. त्यात ती शहरातून आलेली. मी पडले मावळातली, वडगावच्या बाजारात लहानाची मोठी झालेली. इथल्या कितीतरी पोरांना जगाचा उजेड दिसायच्या आधी माझा चेहरा दिसलाय. थोडक्यात, माणसं माझी होती.

दवाखाना बंद ठेवून काम करणं शक्यच नव्हतं. भुशी धरणावर घसरून पडणारे पर्यटक आणि पोटातली बाळं, दोघंही ठेकेदाराला विचारून येत नाहीत. म्हणून काम टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात पुरुषांचा वॉर्ड फोडला. पुरुष माझ्या वॉर्डात आले आणि आम्ही बायका फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये गेलो. मशीनची घरघर इतकी, की बाळाचे ठोके ऐकायचे असले की आमचे वॉर्डबॉय मामा खिडकीतून हिरवी चादर हलवायचे. मग पलीकडचा फरशी कापणारा हात वर करून मशीन बंद करायचा. ठोके सापडले की मामा चादर खाली घ्यायचे आणि पुन्हा धुरळा. हे आमचं तंत्रज्ञान.

पुरुषांचा वॉर्ड तयार झाला. मी बघायला गेले नाही. म्हणजे गेले, पण कापूस मागायच्या निमित्ताने. चकचकीत फरशी, हव्या तशा वरखाली होणाऱ्या खाटा, डोंगराकडे उघडणाऱ्या खिडक्या, आणि ती ट्रॉली. माझ्या ट्रॉलीचं एक चाक कायम रुसलेलं असायचं, तिला ढकलताना मी बैल हाकल्यासारखी दिसायचे. हिची मात्र एका बोटाने पाण्यावरून गेल्यासारखी. मी कापूस न घेताच परत आले.

तोवर मी फक्त जळत होते. पेटले ते दुसऱ्या दिवशी, भेटायच्या वेळेत.

जवळच्या औंढे गावचे एक आबा पाय मोडून तिच्या वॉर्डात होते. त्यांची कारभारीण, आम्ही तिला आजीच म्हणायचो, सगळं घरदार घेऊन आली. तिच्या हातात नारळ, खण, तांदूळ. थोरल्या मुलाच्या काखेत रंगीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. आजीने सरळ जाऊन माझ्या मैत्रिणीची ओटी भरली.

“बाई, घर लय झ्याक बांदलंत,” आजी म्हणाली.

“अहो आजी, घर कसलं? दवाखाना आहे हा.”

“व्हय की. पण हितं राबता तुमीच न्हवं? मंग घर तुमचंच. नव्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं?”

झालं. आमच्याकडे अशी बातमी गावोगाव पोचायला फोन लागत नाही. प्रत्येक रुग्णाचे नातेवाईक नवं घर बघायला यावं तसे येऊ लागले. भिंतींना हात लावून बघायचे, नळ सोडून बघायचे, आबांच्या खाटेचा दांडा फिरवून बघायचे. आबा बिचारे न मागता उठून बसायचे. आणि आहेर म्हणून घड्याळ. वास्तुशांतीला आमच्याकडे दुसरं काही सुचतच नाही. थोड्याच दिवसांत तिच्या भिंतीवर घड्याळांची रांग लागली, आणि एकाचाही काटा दुसऱ्याशी जुळत नव्हता. मोर नाचणारं एक होतं, दर तासाला आरती म्हणणारं एक होतं.

“अगं, काय करू यांचं? एखादं ने ना तुला,” ती म्हणाली, आणि पेढ्यांचा बॉक्स पुढे केला.

एखादं ने! माझ्या माणसांनी दिलेलं घड्याळ मी हिच्याकडून मागून न्यायचं? मी नाही म्हटलं. पेढा खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. ट्रॉली नको, खाटा नकोत. माझा वॉर्ड तयार होईल तेव्हा माझ्या माणसांनी माझीही ओटी भरावी आणि माझ्या भिंतीला एक तरी घड्याळ लागावं.

पण माझा नंबर शेवटचा. दुसऱ्या टप्प्यात फिजिओथेरपीचा हॉल फोडला. माझ्या वॉर्डात तेव्हा ओपीडी बसवलेली, म्हणून आम्ही वरच्या मीटिंग हॉलमध्ये. खाटा, पाळणे, सलाईनचे स्टँड, बायकांची बोचकी, पाण्याचा माठ आणि सगळ्यांच्या पुढे इंजेक्शनचा ट्रे घेतलेली मी. भेटायला आलेली माणसं भिंतीला चिकटून आम्हाला वाट द्यायची. तिसऱ्या टप्प्यात माझा वॉर्ड फोडायला घेतला आणि नेमकं मीटिंग हॉलचं छत गळायला लागलं. पुन्हा बोचकी, पुन्हा माठ. आता कुठे? तिच्या वॉर्डाच्या अर्ध्या भागात, पडद्याआड!

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझ्या बाळंतिणी पडद्याच्या फटीतून तिच्याकडे बघायच्या. एकीने तर विचारलं, “सिस्टर, मला त्या बाजूची खाट मिळेल?” मी म्हटलं, मिळेल, आधी मिशा फुटू देत. दर तासाला पलीकडे आरती सुरू व्हायची आणि माझ्या बायका झोपल्या जागी हात जोडायच्या.

अखेर माझा वॉर्ड तयार झाला. फिकट गुलाबी भिंती, तिच्यापेक्षा मोठ्या खिडक्या. (मी मोजून घेतल्या.) आणि ट्रॉलीसुद्धा आली. रंगारी शेवटचा हात मारत होता तेव्हा मी त्याच्याकडून भिंतीत ओळीने खिळे ठोकून घेतले.

“मॅडम, हे कशाला?” इंजिनिअरने विचारलं.

“लागतात,” मी म्हटलं.

भेटायची वेळ झाली. मी दारात उभी. मैत्रीण अभिनंदन करायला आली होती, तीही शेजारी. आणि जिन्यावरून कोण यावं? औंढ्याची तीच आजी! तिची सून माझ्याकडे बाळंत झाली होती. आजीच्या हातात भलीमोठी पिशवी. मी पदर सावरला.

आजीने खाटेवर बसून पिशवी उघडली. आधी डिंकाचे लाडू निघाले, ते सुनेला. मग बाळाची झबली. मग पिशवीच्या तळाशी रंगीत कागद चुरचुरला. आजीने घड्याळ बाहेर काढलं, माझ्यासमोरून नेलं आणि माझ्या मैत्रिणीच्या हातात ठेवलं.

“बाई, आमचं आदीचं बंद पडलं म्हनं. ह्ये घ्या बदली.”

मैत्रीण कानापर्यंत लाल झाली. वॉर्डातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, आणि ठरवताठरवताच बोलून गेले, “आजी, आणि माझ्या नव्या घराला काहीच नाही होय?”

आजीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं.

“तुमचं घर? आगं बया! आवो, जवा यावं तवा तुमी बोचकी घिऊन नव्या जागी चाललेल्या. आमच्या गावात समदी म्हंत्यात, बाई गुणाची हाय, पण भाडेकरू हाय!”