एका कलमाचं विधेयक आणि आमच्या सगळ्या मागण्या

मी निघाले त्या दिवशी मुंबई विमानतळावर माझी मोठी बॅग दादाने खांद्यावर घेतली होती. बॅगेला चाकं होती, तरी. माझा दादा तसाच, सोपं काम अवघड करून दाखवायचा आणि वर मिशीत हसायचा. कराडपासून गाडीही त्यानेच चालवत आणली होती. पार्किंगमधून येताना तो मध्येच थांबला, बॅग खाली ठेवली आणि छातीवरून हात फिरवला. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं मेधे, अ‍ॅसिडिटी. आईने पहाटे साबुदाणा वडे खायला लावले." आमच्या घरी छातीत काहीही झालं तरी ती अ‍ॅसिडिटीच असायची. आईने लगेच पर्समधून जिऱ्याची पुडी काढली. आप्पा पलीकडे कोणती रांग कुठली यावरून तिथल्या माणसाशी तावातावाने बोलत होते. मी आत जायला वळले तेव्हा आई म्हणाली, "पोचलीस की फोन कर." आप्पा म्हणाले, "तिथे कुणाच्या उपकारात राहू नकोस."

आप्पांचं हे एक वाक्य मला काही पाळता आलं नाही. इथे न्यूझीलंडला आल्यापासून मी उपकारातच राहते आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना हे थोडं नाटकी वाटेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना कळेल.

पहिली वर्षं क्राइस्टचर्चला काढली. रिकार्टनमध्ये आम्ही चार मुली एका घरात राहायचो, कॉलेज चालत अंतरावर आणि कोपऱ्यावरच्या इंडियन दुकानात महाग का होईना पण कढीपत्ता मिळायचा. मग नोकरी लागली, समीरशी लग्न झालं, आणि आम्ही ऑकलंडला मनुरेवात आलो. मी ईस्ट टामाकीतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. इराचा जन्म इथलाच. ती वेळेआधी आली आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडायच्या दिवशी समीर काउंटरवर विचारायला गेला की पैसे कुठे भरायचे. तिथल्या नर्सला आधी प्रश्नच कळेना. कळल्यावर ती हसली आणि म्हणाली, बाळाला घरी न्या, बस. समीरचा विश्वास बसला नाही. तो दुसऱ्या खिडकीवर जाऊन पुन्हा विचारून आला. कराडला माझ्या काकांना दवाखान्यात नेलं होतं तेव्हा डिपॉझिट भरल्याशिवाय त्यांना खाट मिळाली नव्हती. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी खूप रडले. इतकं चांगलं वागलेलं मला झेपतच नव्हतं.

अशा देशाकडे अजून काही मागायचं तरी कुठल्या तोंडाने? वर्षानुवर्षं मला हेच वाटत होतं.

मग दादा गेला. कराडच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळता खेळता खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा स्नायू जाड झाला होता, हा आजार रक्तातून येतो, भावंडांनी तपासून घ्यावं. मी तिथून परत आले ते दादाच्या दुःखाबरोबर हे दुसरं ओझं घेऊन. माझ्यात तो असेल का? आणि माझ्यात असला तर इरात?

आमच्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, सांगितलं की जनुकाची तपासणी इथे फुकट होईल, त्या लगेच चिठ्ठी देतील. मी हो म्हणून आले आणि घरी येऊन समीरच्या मित्राशी बोलले. तो विम्याचं काम करतो. तो म्हणाला, "वहिनी, आत्ता नका करू. एकदा रिझल्ट आला की कंपनी विचारणार, आणि तुम्हाला खरं सांगावं लागणार. उद्या इरा मोठी होईल, तिला हेल्थ इन्शुरन्स हवा असेल, घराचं कर्ज घेताना लाइफ कव्हर हवं असेल. दार बंदच समजा." इथलं सरकारी हॉस्पिटल चांगलं आहे, पण रांग लांब असते, म्हणून आमच्यासारखे नोकरदार वरून खासगी विमा घेतात. तेव्हा तो सांगत होता त्यात चुकीचं काही नव्हतं. मी तपासणी पुढे ढकलली. साधी हृदयाची सोनोग्राफीसुद्धा केली नाही, कारण तीही रेकॉर्डवर आली असती. समीर चिडायचा. "तुझ्या पॉलिसीचं बरं चाललंय, तुझं काय?" असं म्हणायचा. मी विषय बदलायचे. इरा नेटबॉल खेळून धापा टाकत घरी आली की मी तिच्याकडे बघत राहायचे, आणि ती म्हणायची, "आई, व्हॉट? स्टॉप स्टेअरिंग."

अशात ते विधेयक आलं. इथे आरोग्य विम्याचा मोठा, सगळं बदलणारा कायदा आणायच्या गप्पा कितीतरी वर्षं ऐकत होतो. प्रत्येक पक्षाला त्यात वेगळं काहीतरी हवं, त्यामुळे गाडी पुढे सरकायची नाही. शेवटी एका खासदाराने त्यातली एकच गोष्ट उचलली: जनुकाच्या तपासणीचा निकाल विमा कंपनीने मागायचा नाही आणि वापरायचा नाही. एवढंच. दुसऱ्या एकाने मानसिक आजाराचा मुद्दा वेगळा मांडला, तिसऱ्याने आणखी कशाचा. मंत्री नसलेल्या खासदारांची विधेयकं इथे सोडत काढून निवडतात आणि ती सोडत निघते एका जुन्या बिस्किटाच्या डब्यातून. हे मला कुणी कराडला सांगितलं असतं तर मी थट्टा समजले असते. तर त्या डब्यातून आमच्या विधेयकाचा नंबर निघाला.

व्हिडिओ कॉलवर आप्पांना सांगितलं तर ते खुर्चीत मागे रेलले. "एक कलम? ह्याला काय कायदा म्हणायचं?"

आप्पांचंही बरोबर होतं, त्यांच्या परीने. ते वीज कामगारांच्या युनियनचे सेक्रेटरी होते. माझ्या लहानपणी त्यांनी औषधपाण्याच्या मागण्यांची एक सनद तयार केली होती. कामगाराला, बायकोमुलांना, आईवडिलांना, निवृत्त माणसाला, सगळ्यांना उपचार मिळाले पाहिजेत. साहेब लोक म्हणाले, फक्त कामगाराचं मान्य करतो. आप्पांनी तो कागद त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि उठून आले. "आईबापाला दारात उभं करून मी आत जेवायला बसायचं?" असं ते घरी येऊन म्हणाले होते. मला ते तेव्हा फार थोर वाटले. अजूनही वाटतात. पण त्यानंतर बरीच वर्षं कुणालाच काही मिळालं नाही, हेही खरं.

आणि मी त्याच घरातली. संसदेच्या समितीने विधेयकावर लोकांची मतं मागवली तेव्हा समीर म्हणाला की आपल्या मराठी मंडळातर्फे निवेदन पाठवू या. संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर मनुरेवाच्या हॉलमध्ये आम्ही खुर्च्या गोल केल्या आणि तिळगूळ खात बसलो. दांडेकर काका म्हणाले, "आईवडील भेटायला येतात त्यांच्या विम्याचं घाल." मी घातलं. कुणी दातांच्या खर्चाचं म्हणालं, कुणी चष्म्याचं. एका काकूंना आयुर्वेद हवा होता. शेवटी हॉस्पिटलच्या पार्किंगचा विषय निघाला आणि त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी लॅपटॉपवर मागणीमागून मागणी लिहीत होते आणि अंगात आप्पा संचारले होते. जनुकाचा मुद्दा कुठेतरी मध्यावर आला, चष्मा आणि आयुर्वेदाच्या मध्ये. समीरने वाचून फक्त एवढंच विचारलं, "यात तू कुठे आहेस?" मी म्हटलं, हे मंडळाचं आहे, माझं नाही.

समितीने तोंडी बोलायला बोलावलं ते व्हिडिओवर, नेमकं माझ्या शिफ्टच्या दिवशी. मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले, चमकत्या पट्ट्यांचं हायव्हिज जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकलं, फोन स्टिअरिंगवर टेकवला. बोलायला अगदी थोडी मिनिटं होती. मी मागण्या वाचायला सुरुवात केली. पार्किंगच्या मागणीपर्यंत पोचायच्या आत समितीच्या अध्यक्षांनी हळूच हात वर केला आणि माओरीत नमस्कार केला. "किया ओरा मेधा, थँक यू. तुम्ही ढीगभर गोष्टी आणल्यात आणि सगळ्या महत्त्वाच्या आहेत. पण या विधेयकात त्यातली एकच बसते. त्या एकीबद्दल सांगाल?"

ते हे इतकं सौजन्याने म्हणाले की रागही येईना. मी कागद खाली ठेवला. आता माझ्याकडे वाचायला काहीच नव्हतं, म्हणून मी दादाबद्दल बोलले. बॅडमिंटनबद्दल, पुण्याच्या डॉक्टरांबद्दल, इराच्या नेटबॉलबद्दल. कधी इंग्रजीत अडखळले, एकदा चक्क मराठीत वाक्य सुरू केलं. कुणी घाई केली नाही.

माझं झाल्यावर समितीतल्या एक वयस्क माओरी बाई पुढे झुकल्या. त्यांनी कायद्याचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही केलीत का तपासणी?"

मी म्हटलं, "नाही. तुमच्या विधेयकाची वाट बघतेय."

बाकीचे थोडे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यासाठी थांबू नका, डिअर. आम्ही फार हळू चालतो. तुमच्या मुलीला आई हवीय."

मी आत शिफ्टवर गेले, पण दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. खरं सांगायचं तर मला विम्याची जेवढी भीती होती त्याहून जास्त निकालाची होती, आणि विमा हे चांगलं, शहाण्या माणसाला शोभेल असं कारण होतं. घरी येऊन समीरला सांगितलं. एवढे दिवस मी हेच सांगतोय असं त्याला म्हणता आलं असतं, तसं त्याच्या चेहऱ्यावर आलंही, पण त्याने सरळ फोन उचलला. जीपीची वेळ घेतली.

माझ्यात आहे. स्नायू थोडा जाड झालाय, वेळेत सापडला. रोज एक गोळी, वर्षातून एकदा स्कॅन, धावायचं नाही पण चालायचं भरपूर. मी आज हे लिहिते आहे ते त्या बाईंमुळे. समितीसमोर माझ्यासारखे कितीतरी लोक बोलायला येत असतील. तरीही त्यांनी मला एक घरातला प्रश्न विचारला, याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. आप्पांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार कळव."

मग इराची पाळी. तिच्यावर आम्ही काही लादायचं नाही असं ठरवलं होतं. विमा, विधेयक, सगळं समजावून सांगितलं. ते अजून पास झालेलं नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आय वॉन्ट टू नो, आई." निकालाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिच्यात नाहीये. मी तव्यावरची पोळी जळू दिली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दादाची इतकी आठवण त्याच्या दहाव्यालाही आली नव्हती.

इथे मला किती मिळालं याचा हिशेब मी मांडत नाही. पण एक समजलं. पाहुणे म्हणून गेलो की आपण वाढलेलं मुकाट्याने खातो आणि छान झालंय म्हणतो. घरात मात्र मीठ कमी असलं तर सांगतो, आणि ज्याने स्वयंपाक केलाय त्याच्यावरचं प्रेम त्याने काही कमी होत नाही. इतकी वर्षं मी या देशात पाहुणीसारखी जेवत होते. त्या गाडीत बसून मी पहिल्यांदा मीठ मागितलं, तेही नीट नाही मागितलं, आणि समोरच्यांनी मला घरचं धरलं. कराड माझं घर आहेच. आता हेही आहे.

विधेयक समितीतून पुढे गेलंय. शेवटच्या वाचनाचं मतदान आता व्हायचंय आणि ते पास होईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही. इराने वेलिंग्टनला जाऊन संसदेच्या गॅलरीतून बघायचं ठरवलं. तिची शाळा बुडणार, माझी रजा जाणार. रविवारी आप्पांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हा बेत सांगितला. ते म्हणाले, "पण इराला तर काही नाही ना? आणि तुझा विमा आधीचाच आहे. मग आता तिथवर कशाला जायचं?"

फोन स्पीकरवर होता, इराने तो माझ्या हातातून घेतला. ती आजोबांशी एरवी इंग्रजीतच बोलते आणि ते मराठीत उत्तर देतात, दोघांचं बरं चालतं. या वेळी ती शब्द जुळवत म्हणाली, "आप्पा, माझं नाही. पण आपलं आहे ना ते."

पलीकडून कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग आप्पांनी विचारलं, "भारताच्या वेळेनं किती वाजता? मी बघत बसेन."