दोन कपांचा फोटो

सावित्रा गेली त्याला सव्वा महिना झाला. त्या दिवशी मी वडवणीच्या बाजारात बोकड घेऊन उभा होतो. शेजारच्या भीमाचा फोन आला, "आबा, घरी या. काकूला बरं न्हाई." मी म्हणलं, "बरं न्हाई म्हंजी काय बे? नीट सांग." तो नीट सांगेना. मला वाटलं, बांधाचं भांडण काढलंय आणि मला गोड बोलून बोलावतोय. म्हणून मी आणखी घटकाभर तिथंच थांबलो. माझा स्वभावच तसा, समोरचा खरं बोलतोय हे मला लवकर पटत नाही. घरी पोचलो तर बायांनी तिला ओट्यावर निजवलेलं... छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं म्हणाल्या.

आम्ही दोघांनी तेवीस वर्षं ऊस तोडला. तोडीला मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला कुणी विचारत नाही. मी तोडायचो, ती मागं मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीला चढायची. एकुलती लेक सुनीता, तिला मात्र उसाच्या फडात आणायची नाही ही सावित्राची जिद्द. लेक उमापूरला मामाकडं राहून शिकली, पुढं बीडला, आणि मग शिष्यवृत्तीवर पार इटलीला गेली. जाताना मी बजावलं होतं, शिकायला चाललीस, फिरायला न्हाई.

गेल्या चैतात ती शनिवार-रविवार गाठून समुद्रकाठची गावं बघायला गेली. आधी विचारलं नाही, नंतर फोटो पाठवले. कड्याला चिकटलेली घरं... एक गुलाबी, एक पिवळं, एक पोपटी, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तशी. खाली निळं पाणी, दारात आपल्याकडं गाड्या उभ्या असतात तशा होड्या. नवल वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एका फोटोत मी अडकलो. टेबल, दोन खुर्च्या, चहाचे दोन कप. आणि लेक तर म्हणली होती, एकटीच गेलते.

दोन दिसले की कोयता, हे माझं गणित. मी सावित्राला फोटो दाखवला. "दुसरा कप कुणाचा?"

"कुणाचा का असंना. गार झाला असंल आता," ती म्हणली आणि हसली.

त्या हसण्यानं माझं डोकं आणखीच फिरलं. कारण ते दोन दिवस ही बाईसुद्धा भर उन्हात शेळ्या घेऊन वरच्या माळावर गेलती, जिथं फोनला चांगली रेंज लागते. फोन पदरात बांधून. मला विचारलंसुद्धा नाही. मायलेकींनी काहीतरी शिजवलंय हे मी ताडलं. म्हणलं, "तिला परत बोलाव. शिक्षण बास झालं."

"तुमीच बोलवा. मी हाक मारणार न्हाई."

"मंग सांग, संगं कोण व्हतं?"

"न्हाई सांगत." हातातलं पीठ तिनं परातीत झटकलं. "तेवीस वर्षं फडात माझ्या पुढं चाललात. मागं मी काय करते, वळून बघितलं का कदी? तवा पुरावा लागला न्हाई. माझ्या लेकीचाच कावून लागतो?"

मी लेकीला बोलावलं नाही. पण ते सावित्राच्या धाकानं, पटलं म्हणून नाही. पुढं दर फोनला मी एकच विचारायचो, संगं कोण हाय? हळूहळू लेक माझ्याशी बोलायची बंद झाली. मी फोन उचलला की "मायला द्या" एवढंच.

दहाव्याला ती आली. मातीला पोचता आलं नाही तिला. तेराव्याला भावकी म्हणाली, आता बास ते परदेश, म्हाताऱ्याजवळ राहा. लेक म्हणाली, आबा म्हणतील तसं. पाहुणे पांगल्यावर ती चुलीपाशी बसली होती, आणि मी निलाजऱ्यासारखं पुन्हा तेच विचारलं. त्या समुद्राच्या गावाला संगं कोण होतं?

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माय व्हती, आबा."

व्हिडिओ कॉलवर आईला घेऊन ती दोन दिवस गल्लीबोळ हिंडली होती. सावित्रा माळावरून म्हणायची, त्या पिवळ्या घरात कोण ऱ्हातं, इचार की. चहाला बसली तर म्हणली, मला सोडून एकटीच पितीस व्हय गं? म्हणून दोन कप. फोन पुढच्या खुर्चीवर टेकवून ठेवला होता म्हणे. बोलणं झाल्यावर फोटो काढला.

"मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

"माय म्हणली, नको सांगू. एकदा तरी न बघता पटू दे त्यांना."

खरं लिहायचं तर तेव्हाही माझ्या मनात तो किडा वळवळला. बापाला बरं वाटावं म्हणून पोरगी रचून सांगतीय का? मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं... साक्षीला तर ते येत नाही. माझं तोंड बघून लेकीला कळलं. तिनं फळीवरनं आईचा फोन काढला. "ह्यात हाय समदं. कोणत्या दिवशी, किती येळ बोललो. दाखवू?"

फोन तिच्या हातात उजळला. मी हात पुढं केलेला, तो मागं घेतला.

"नगं," मी म्हणलं. "ठेव त्यो. तुझं कालेज कवा सुरू हाय, त्ये सांग."